४,२९,४९,६७,२९७ या संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहा अंकी, विषम, शेवटी ७. दिसायला या संख्येत काहीच खास नाही. तरी जवळजवळ तीनशे वर्षं ती अंकगणितात पुन्हा पुन्हा येते आहे, आणि तिच्याबद्दलचे प्रश्नही तसेच पुन्हा पुन्हा येतात. वाचकांकडून आलेले हे प्रश्न इथे सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घातासाठी ^ ही खूण वापरली आहे, म्हणजे २^३ = २ × २ × २ = ८. शक्य असेल तर वही-पेन घेऊन बसा. यातले बहुतेक आकडे हाताने तपासता येतात, आणि तपासल्याशिवाय त्यांची खरी मजा कळत नाही.

१. ही संख्या वाचायची कशी?

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. अब्ज म्हणजे शंभर कोटी. कोणी ‘चारशे एकोणतीस कोटी…’ अशी सुरुवात करतं, तेही बरोबरच. ४,२९४,९६७,२९७ असं लिहिलेलं दिसलं तर ती वेगळी संख्या नव्हे. स्वल्पविराम तेवढे तीन-तीन अंकांवर दिले आहेत.

२. इतक्या संख्या असताना हिचंच एवढं कौतुक का?

ती कशी तयार होते ते पाहा. २ घ्या आणि वर्ग करत चला: २, ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६. पाच वेळा वर्ग झाला. आता त्यात १ मिळवा. म्हणजे आपली संख्या २^३२ + १ आहे.

या मालिकेतल्या प्रत्येक संख्येत १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि मग आपली संख्या मिळते. यांना फर्मा संख्या म्हणतात. मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे ३ ही शून्यावी फर्मा संख्या आणि आपली संख्या पाचवी. यादीत ती सहाव्या जागी असल्यामुळे बऱ्याच जणांचा इथे घोटाळा होतो.

पहिल्या पाचही संख्या मूळ आहेत. सहावीपाशी मात्र गाडी थांबते, आणि तिचं सगळं महत्त्व त्या थांबण्यात आहे.

३. कॅल्क्युलेटरवर २^२^५ + १ केलं तर १,०२५ येतं. कुठे चुकलं?

कंस राहिला. काही कॅल्क्युलेटर डावीकडून हिशोब करतात: आधी २^२ = ४, मग ४^५ = १,०२४. आपल्याला हवा आहे २^(२^५), म्हणजे आधी २^५ = ३२ आणि मग २^३२. आठ अंकी साध्या कॅल्क्युलेटरवर हे उत्तर मावणारच नाही, तेव्हा त्याने चुकीची खूण दाखवली तर घाबरू नका.

४. ही संख्या मूळ आहे का?

नाही, संयुक्त आहे.

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

ताळा इथेच करून पाहू. ६७,००,४१७ ला ६०० ने गुणलं की ४,०२,०२,५०,२००. ४० ने गुणलं की २६,८०,१६,६८०. १ ने गुणलं की ६७,००,४१७. तिन्हींची बेरीज ४,२९,४९,६७,२९७. दोन मिनिटांचं काम आहे, पण हे दोन अवयव माहीत नसताना ते शोधणं हे अजिबात दोन मिनिटांचं काम नाही.

५. मग ती मूळ आहे असं म्हणालं कोण, आणि चूक कोणी दाखवली?

पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने. १६४० च्या सुमारास पत्रांमधून त्याने असं मत मांडलं की या प्रकारच्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात. आपल्याकडे सिद्धता नाही हे त्याने मान्य केलं होतं, पण विधानावर त्याचा विश्वास होता. १ डिसेंबर १७२९ च्या पत्रात ख्रिश्चन गोल्डबाखने तरुण लिओनार्ड ऑयलरला या विधानाबद्दल विचारलं, आणि १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ हा अवयव समोर ठेवला.

मला यात सर्वांत हळहळ वाटायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. ६४१ शोधायला जे हत्यार लागतं ते फर्माच्या स्वतःच्याच हातात होतं. १६४० मध्येच त्याने २^३७ − १ या संख्येचा २२३ हा अवयव त्याच हत्याराने शोधला होता. ते हत्यार कोणतं, ते पुढच्या उत्तरात.

६. ६४१ सापडलाच कसा? सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं का?

तशी गरज नव्हती. २^३२ + १ ला एखादी मूळ संख्या ‘म’ ने निःशेष भाग जातो असं समजा. मग २^३२ ला म ने भागल्यावर बाकी −१ राहते (म्हणजे म पेक्षा एक कमी). दोन्हींचा वर्ग केला की २^६४ ची बाकी १.

आता २ चे घात ओळीने घेऊन प्रत्येकाची म ने भागल्यावरची बाकी लिहीत गेलो, तर त्या बाक्या एका चक्रात फिरतात. चक्र जिथे १ वर येतं तिथे पुन्हा सुरू होतं. ६४ व्या पायरीला १ आला, म्हणून चक्राची लांबी ६४ ची विभाजक असली पाहिजे. पण ३२ व्या पायरीला १ नाही, −१ आहे. ६४ चा ३२ ला न भागणारा विभाजक एकच, तो म्हणजे ६४ स्वतः. तेव्हा चक्र बरोबर ६४ पायऱ्यांचं आहे.

फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की २^(म − १) ची बाकीही १ असते. म्हणजे म − १ या पायरीला चक्र पूर्ण झालेलं असतं, म्हणून म − १ ला ६४ ने भाग जातो. म्हणजेच म ही ६४ च्या पटीपेक्षा एकने मोठी असणार.

आता यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्याच भागाकाराला बाकी शून्य येते. हजारो भागाकारांचं काम पाचवर आलं, आणि ते कमी करणारं प्रमेय फर्माचंच होतं.

७. काही पुस्तकांत ६४ ऐवजी १२८ दिलेलं असतं. बरोबर काय?

दोन्ही बरोबर आहेत. १२८ चा नियम जास्त कडक आहे. तो एदुआर ल्युका याने १८७८ मध्ये दिला. म ही ६४ च्या पटीपेक्षा एकने मोठी, म्हणजे ती ८ च्या पटीपेक्षाही एकने मोठी आहे. अशा मूळ संख्येच्या बाबतीत २ ही वर्गबाकी असते: एखादी संख्या अशी सापडतेच की तिच्या वर्गाला म ने भागल्यावर बाकी २ उरते. त्या संख्येच्या घातांचं चक्र २ च्या चक्राच्या दुप्पट, म्हणजे १२८ पायऱ्यांचं. म्हणून म − १ ला १२८ ने भाग गेला पाहिजे.

यादी आणखी लहान होते: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. मूळ फक्त २५७ आणि ६४१. त्यातली २५७ स्वतःच फर्मा संख्या असल्यामुळे आधीच बाद होते (कारण प्रश्न ११ मध्ये आहे). म्हणजे हा नियम हाताशी असेल तर ६४१ हा पहिलाच भागाकार.

८. मोठा भागाकार न करता ६४१ ने भाग जातो हे दाखवता येईल का?

येईल, आणि या संपूर्ण विषयात मला सर्वांत आवडणारा तुकडा हाच आहे. ६४१ दोन तऱ्हांनी लिहा:

६४१ = ५ × १२८ + १
६४१ = ५^४ + २^४ (६२५ + १६)

आता अ = १२८ आणि ब = ५ घेऊ. पहिल्या ओळीवरून ६४१ = १ + अब. दुसरीवरून १६ = ६४१ − ६२५ = १ + अब − ब^४. आपल्याला हवी ती संख्या २^३२ + १ = १६ × २^२८ + १, आणि २^२८ म्हणजे अ^४. तेव्हा

२^३२ + १ = (१ + अब − ब^४) × अ^४ + १
= (१ + अब) × अ^४ + (१ − अ^४ब^४)

शेवटच्या कंसाचे अवयव शाळेतल्या वर्गांच्या वजाबाकीच्या सूत्राने पडतात: (१ + अब)(१ − अब)(१ + अ^२ब^२). दोन्ही पदांत १ + अब आला, म्हणजे ६४१ आला. काम झालं.

शिवाय दुसरा अवयवही फुकट मिळतो. तो आहे अ^४ + (१ − अब)(१ + अ^२ब^२), म्हणजे २६,८४,३५,४५६ − ६३९ × ४,०९,६०१. हा गुणाकार २६,१७,३५,०३९ येतो, आणि वजाबाकी बरोबर ६७,००,४१७. कागदावर एकदा करून बघाच.

९. ६७,००,४१७ ही तरी नक्की मूळ आहे का? तिचेही अवयव पडत असतील.

नाही पडत, आणि ते तपासायला पाचच भागाकार पुरतात. ६७,००,४१७ ची कोणतीही मूळ विभाजक आपल्या मोठ्या संख्येचीही विभाजक असणार, म्हणून प्रश्न ७ चा नियम तिलाही लागू: १२८ ची पट अधिक १. शिवाय संख्या संयुक्त असेल तर एक तरी मूळ विभाजक वर्गमुळापेक्षा मोठी नसते. २,५८९ चा वर्ग ६७,०२,९२१ आहे, म्हणून २,५८८ पर्यंत पाहिलं की झालं.

या मर्यादेत नियमात बसणाऱ्या मूळ संख्या अशा, आणि त्यांनी ६७,००,४१७ ला भागल्यावर उरणाऱ्या बाक्या अशा: २५७ ने १७०, ६४१ ने ४४, ७६९ ने १२०, १,१५३ ने ३३४, १,४०९ ने ६२२. एकही बाकी शून्य नाही. संख्या मूळ आहे.

१०. घातांक ३२ च का? २^३३ + १ किंवा २^४० + १ मूळ असू शकत नाही का?

नाही. घातांकाला १ पेक्षा मोठी विषम विभाजक असेल तर संख्येचे अवयव लगेच पडतात. कारण क^३ + १, क^५ + १ अशा प्रत्येक विषम घाताच्या बेरजेला क + १ ने भाग जातो. ३३ = ३ × ११, म्हणून २^३३ + १ ला २^११ + १ ने भाग जातो. ४० = ५ × ८, म्हणून २^४० + १ ला २^८ + १ म्हणजे २५७ ने. लहान उदाहरण हवं असेल तर २^६ + १ = ६५ घ्या; त्याला २^२ + १ = ५ ने भाग जातो.

तेव्हा मूळ असण्याची शक्यता फक्त १, २, ४, ८, १६, ३२ अशा घातांकांनाच उरते. शक्यता उरते म्हणजे संख्या मूळ असतेच असं नाही, आणि ३२ ही त्याची पहिली साक्ष आहे.

११. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ यांपैकी एखादीने हिला भाग जातो का?

एकीनेही नाही, आणि बाकी प्रत्येक वेळी २ च राहते. या पाचांचा गुणाकार करून पाहा: ३ × ५ = १५, १५ × १७ = २५५, २५५ × २५७ = ६५,५३५, ६५,५३५ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५. आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी.

हा योगायोग नाही. प्रत्येक पायरीला (क − १)(क + १) = क^२ − १ हेच सूत्र चालतं. त्यामुळे आपल्या संख्येत आणि आधीच्या कुठल्याही फर्मा संख्येत सामाईक विभाजक असलाच तर त्याने २ लाही भाग जायला हवा, आणि या संख्या तर विषम. म्हणून त्या सहमूळ आहेत. हीच गोष्ट कोणत्याही दोन फर्मा संख्यांना लागू पडते.

यातून एक सुंदर निष्कर्ष निघतो. फर्मा संख्या अनंत आहेत आणि कोणत्याही दोघींत एकही मूळ अवयव सामाईक नाही. प्रत्येकीला स्वतःचा वेगळा मूळ अवयव आहे, म्हणून मूळ संख्याही अनंत आहेत. फर्माचं विधान खोटं ठरलं तरी हा युक्तिवाद उभा राहतो, कारण त्याला या संख्या मूळ असण्याची गरजच नाही.

१२. दोन वर्गांच्या बेरजेवरून हिचे अवयव मिळतात असं ऐकलं. कसे?

हे उत्तर थोडं लांब आहे, पण सावकाश वाचण्यासारखं आहे. ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, ही आपल्या संख्येची उघड मांडणी. दुसरी मांडणी दडलेली आहे:

६२,२६४^२ + २०,४४९^२ = ३,८७,६८,०५,६९६ + ४१,८१,६१,६०१ = ४,२९,४९,६७,२९७

जी विषम संख्या दोन वेगळ्या तऱ्हांनी दोन वर्गांची बेरीज होते ती मूळ असूच शकत नाही, हे ऑयलरने दाखवलं. आणि नुसतं ‘मूळ नाही’ एवढ्यावर हे थांबत नाही, अवयवही हातात येतात. सम संख्या समोरासमोर ठेवा, विषम समोरासमोर.

वजाबाक्या: ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२ आणि २०,४४९ − १ = २०,४४८. यांचा मसावि ८.

बेरजा: ६५,५३६ + ६२,२६४ = १,२७,८०० आणि २०,४४९ + १ = २०,४५०. यांचा मसावि ५०.

दोन्ही मसावि निम्मे करा: ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१. आणि पहिल्या जोडीला ८ ने भागून आलेल्या ४०९ आणि २,५५६ यांच्या वर्गांची बेरीज १,६७,२८१ + ६५,३३,१३६ = ६७,००,४१७. दोन्ही अवयव, तेही दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात.

यापेक्षा वेगळी तिसरी मांडणी शोधू नका. ६४१ आणि ६७,००,४१७ या दोन्ही ४ च्या पटीपेक्षा एकने मोठ्या मूळ संख्या आहेत, आणि अशी प्रत्येक मूळ संख्या एकाच तऱ्हेने दोन वर्गांची बेरीज होते. अशा दोन वेगवेगळ्या संख्यांच्या गुणाकाराला बरोबर दोन मांडण्या मिळतात. जाता जाता: २०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे. म्हणजे आपली संख्या एक वर्ग अधिक एक चौथा घात अशीही लिहिता येते.

१३. हिच्या विभाजक किती? ही परिपूर्ण संख्या आहे का?

चार: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः. सगळ्यांची बेरीज ४,३०,१६,६८,३५६. परिपूर्ण व्हायला पहिल्या तिघींची बेरीज संख्येइतकी यायला हवी; ती येते ६७,०१,०५९. जवळपासही नाही. हिच्याशी सहमूळ असलेल्या, हिच्यापेक्षा लहान संख्या ६४० × ६७,००,४१६ म्हणजे ४,२८,८२,६६,२४० आहेत.

१४. शेवटी ७ च का येतो?

१६ चा शेवटचा अंक ६, आणि ६ चा वर्ग पुन्हा ६ वरच संपतो. त्यात १ मिळवला की ७. म्हणून १७ पासून पुढची प्रत्येक फर्मा संख्या ७ वर संपते. शेवटचे दोन अंक १७, ५७, ३७, ९७ असे फिरत राहतात.

१५. कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये ही संख्या दिली तर उत्तर १ येतं. प्रोग्रॅम बिघडला आहे का?

प्रोग्रॅम ठीक आहे, जागा अपुरी आहे. द्विमान पद्धतीत आपली संख्या म्हणजे १, मग एकतीस शून्यं, मग १. एकूण ३३ अंक. चलाला ३२ बिटच दिले असतील तर डावीकडचा १ गळून पडतो आणि उरतो नुसता १. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या ४,२९,४९,६७,२९५ आहे. आपली तिच्यापुढे दोन पावलं. इंटरनेटच्या जुन्या, ३२ बिटी पत्त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६ आहे, तीही याच हिशोबाने. ६४ बिटांचा प्रकार घेतलात की अडचण संपते.

एक अपवाद लक्षात ठेवा. दशांश संख्यांसाठीचा ३२ बिटी प्रकार वापरलात तर १ येत नाही, ४,२९,४९,६७,२९६ येतं. त्या प्रकारात संख्येचे २४ च द्विमान अंक नेमके राहतात, म्हणून शेवटचा १ हरवतो. ही चूक जास्त फसवी, कारण उत्तर बरोबर वाटतं.

१६. मूळ संख्या तपासणाऱ्या माझ्या प्रोग्रॅमने हिला मूळ ठरवलं. असं कसं?

तुमचा प्रोग्रॅम बहुधा फक्त पाया २ घेऊन तपासतो: २^(न − १) ला न ने भागून बाकी १ आली की ‘मूळ’. आपल्या संख्येसाठी ही कसोटी फसणारच. प्रश्न ६ मध्ये पाहिलं तसं २^३२ ची बाकी −१ आणि २^६४ ची १. इथे न − १ म्हणजे २^३२, आणि ती ६४ चीच पट आहे. म्हणून बाकी १ येते, संख्या मूळ असो वा नसो. सगळ्याच फर्मा संख्या पाया २ ची ही परीक्षा पास होतात. हीच कसोटी कडक करून, घातांक अर्धा-अर्धा करत मधल्या बाक्याही पाहिल्या तरी पाया २ ला ही संख्या निसटते.

उपाय सोपा आहे: पाया ३ घ्या. फर्मा संख्यांसाठी पेपाँची १८७७ ची कसोटी आहे: (३ सोडून) फर्मा संख्या मूळ असेल तर, आणि तरच, ३^((न − १)/२) ची बाकी −१ येते. आपल्या बाबतीत ३ चा ओळीने ३१ वेळा वर्ग करायचा आणि दर वेळी न ने भागून बाकीच ठेवायची. शेवटी बाकी उरते १,०३,२४,३०३. ती −१ नाही, म्हणून संख्या संयुक्त. ही कसोटी अवयव सांगत नाही, निकाल मात्र पक्का देते. आपल्या प्रोग्रॅमचा ताळा करायला हा आकडा वापरा.

१७. पट्टी आणि कंपासने एवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो का?

तत्त्वतःही येत नाही. १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे कार्ल फ्रिडरिश गाउसने १७९६ मध्ये शोधलं आणि १८०१ च्या आपल्या ग्रंथात सर्वसाधारण नियम दिला. उलट बाजूची सिद्धता वाँत्सेलने १८३७ मध्ये पूर्ण केली. नियम असा: बाजूंच्या संख्येचे विषम मूळ अवयव सगळे फर्मा संख्या असले पाहिजेत आणि प्रत्येक एकदाच यायला हवा. ६४१ मूळ आहे पण फर्मा संख्या नाही, म्हणून आपली संख्या बाद.

गंमत शेजाऱ्यांची आहे. ४,२९,४९,६७,२९५ म्हणजे पाच ज्ञात फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार (प्रश्न ११), म्हणून तेवढ्या बाजूंचा बहुभुज काढता येतो. विषम बाजूंच्या ज्ञात रचनांमध्ये तो सर्वांत मोठा. ४,२९,४९,६७,२९६ बाजूंचाही येतो, कारण चौरसापासून कोन दुभागत जायचं आहे. तिसऱ्या पावलाला वाट बंद.

१८. हे अवयव कोणी मनातल्या मनात काढले होते का?

हो. १८०४ मध्ये अमेरिकेत जन्मलेला झेरा कोलबर्न आठ वर्षांच्या सुमारास लंडनमध्ये होता. तिथे त्याला ही संख्या दिली गेली आणि त्याने ६४१ आणि ६७,००,४१७ हे अवयव तोंडी सांगितले. वर दिलेले नियम त्या मुलाला कोणी शिकवलेले नव्हते.

१९. हिच्या सर्वांत जवळच्या मूळ संख्या कोणत्या?

खालच्या बाजूला ४,२९,४९,६७,२९१, सहाने कमी. वरच्या बाजूला ४,२९,४९,६७,३११, चौदाने जास्त.

२०. पुढच्या फर्मा संख्यांपैकी एखादी मूळ निघाली का?

आजवर एकही नाही. लगेच पुढची २^६४ + १ म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७. तिचे अवयव २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. ते फोर्च्युने लाँड्रीने १८८० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी काढले. इथेही ल्युकाचा नियम दिसतो, फक्त १२८ च्या जागी २५६ येतो: २,७४,१७७ = २५६ × १,०७१ + १. त्यापुढची २^१२८ + १ फुटायला १९७० साल उजाडलं. ते काम मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी कॉम्प्युटरवर केलं.

पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सगळ्या फर्मा संख्या संयुक्त आहेत हे सिद्ध झालं आहे. त्यातल्या विसाव्या आणि चोविसाव्या संख्येची अवस्था तर विलक्षण आहे: त्या संयुक्त आहेत हे पक्कं, पण त्यांचा एकही अवयव कोणाला सापडलेला नाही (असं कसं होऊ शकतं, ते प्रश्न १६ वरून कळेल). तेहेतिसाव्या संख्येत सुमारे २५८ कोटी अंक आहेत. ती मूळ आहे की संयुक्त, हे अजून कोणीही ठरवू शकलेलं नाही.